जोतिबाच्या नावानं...

वारणेच्या खोऱ्यातल्या कोणत्याही जुन्या गावात चावडीसमोर उभे राहून 'जोतिबा' अशी हाक मारली, तर एखादा तरी म्हातारा मान वळवून पाहील. 'जोतीराम' म्हटले तर पन्नाशीतला एखादा गृहस्थ सायकल थांबवील. आणि 'केदार' म्हटले तर शाळेतून घरी निघालेली दोन-तीन पोरे एकदम थबकतील. आजोबा, बाप आणि नातू अशा तीन पिढ्यांची ही तीन नावे. वरवर पाहणाऱ्याला वाटेल की, खेडवळ नाव जाऊन सुधारलेले नाव आले. पण ही तिन्ही नावे एकाच देवाची आहेत, आणि तो देव आपल्या पन्हाळा तालुक्यातच, वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर उभा आहे. नावाचा अर्थ काय, ते आपल्या भागात इतके का रुजले आणि आज ते टाकून द्यावेसे का वाटते, याचा थोडा विचार या लेखात करायचा आहे.

प्रथम देवाविषयी. वाडी रत्नागिरी हे नाव ऐकून बाहेरगावच्या माणसाला कोकणातले रत्नागिरी आठवते. पण हा डोंगर कोल्हापूरच्या वायव्येला, पन्हाळ्याच्या शेजारी आहे. रत्नासुर नावाच्या दैत्याचा देवाने येथे वध केला, म्हणून डोंगराला रत्नागिरी म्हणतात, अशी कथा आहे. देवाचे वाहन घोडा आणि वार रविवार. देवळात पूजेचा मान गुरवांचा. चैत्र पौर्णिमेला मोठी यात्रा भरते. त्या दिवशी डोंगर गुलालाने लाल होतो, दवण्याचा वास सुटतो आणि उंच उंच सासनकाठ्या नाचवीत लोक 'चांगभलं'चा गजर करतात. हे सारे आपल्यापैकी बहुतेकांनी वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिलेले आहे.

या देवाला 'केदारनाथ' किंवा 'केदारलिंग' असेही म्हणतात. त्याची कथा अशी सांगतात की, दक्षिणेतले दैत्य मारून झाल्यावर देव परत हिमालयात केदारनाथाकडे निघाला. तेव्हा कोल्हापूरच्या अंबाबाईने त्याला विनवले आणि येथेच ठेवून घेतले. माघ महिन्यातल्या पाच रविवारी कोल्हापूरकर पायी डोंगर चढून जे 'खेटे' घालतात, त्यांचा संबंध याच कथेशी जोडतात. कथा खरी की खोटी, हा प्रश्न येथे गौण आहे. लोकांच्या मनात 'जोतिबा' आणि 'केदार' ही दोन नावे फार पूर्वीपासून एकाच देवाला लागलेली आहेत, एवढी गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून ती ध्यानात ठेवावी.

आता हे देवाचे नाव माणसांना कसे लागले ते पाहू. डोंगरावरचे मूळचे लहान देऊळ कराडजवळच्या किवळ गावच्या नावजी नावाच्या भक्ताने बांधले, अशी परंपरा आहे. त्या जागी सध्याचे मोठे देऊळ १७३० साली राणोजी शिंदे यांनी उभारले. शेजारचे केदारेश्वराचे देऊळ १८०८ साली दौलतराव शिंदे यांनी बांधले. हे शिंदे म्हणजे सातारा जिल्ह्यातल्या कण्हेरखेडचे, पुढे ग्वाल्हेरचे राजे झालेले घराणे. जोतिबा हे त्यांचे कुलदैवत. राणोजींचे मुलगे जयाप्पा, दत्ताजी, तुकोजी आणि महादजी हे आपल्याला इतिहासाच्या पुस्तकातून माहीत असतात. त्यांच्यातलाच आणखी एक मुलगा होता; त्याचे नाव जोतिबा. तो बुंदेलखंडात ओरछा येथे मारला गेला. पानिपताच्या कथेत त्याला जागा मिळाली नाही, म्हणून आपण त्याला विसरलो. पण बापाने डोंगरावर देवाचे घर बांधले आणि घरात मुलाला देवाचे नाव ठेवले, ही जोडी मला बोलकी वाटते. त्याही आधीचे उदाहरण हवे असेल तर जोत्याजी केसरकर आहेत. शाहू महाराज मोगलांच्या कैदेत असताना त्यांच्याबरोबर राहिलेल्या निष्ठावंतांत त्यांची गणना होते. म्हणजे हे नाव सतराव्या शतकातही चालू होते आणि ते शूर व इमानी माणसांना शोभत होते.

नावाचा प्रदेश कोणता, हे पाहायचे असेल तर चैत्रातल्या मानाच्या सासनकाठ्या पाहाव्यात. पहिला मान सातारा जिल्ह्यातल्या निनाम पाडळीचा. पाटण तालुक्यातल्या विह्याची काठी येते, सांगलीजवळच्या कसबे डिग्रजची येते. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि सीमेपलीकडचा बेळगावचा मुलूख, या पट्ट्यातून माणसे डोंगराकडे चालत येतात. 'जोतीराम' हे नावही साधारण याच पट्ट्यात दाट आढळते. विदर्भात किंवा कोकणच्या किनाऱ्यावर ते विरळ होते. नदीला जसे पाणलोट क्षेत्र असते तसे देवालाही असते, आणि त्याच्या कडा माणसांच्या नावांवरून ओळखता येतात. जेजुरीच्या आसपास खंडू आणि मल्हारी, पंढरीच्या वाटेवर विठ्ठल आणि पांडुरंग, तसे आपल्याकडे जोतीराम.

नाव ठेवण्याची कारणेही ठरलेली असत. मूल नवसाचे असले, चैत्रात यात्रेच्या सुमारास जन्मले, किंवा रविवारी जन्मले की नावाचा प्रश्न आपोआप सुटे. आजोबा वारले असतील आणि त्यांचे नाव जोतिबा असेल तर मग विचारायलाच नको. 'आजा परत आला' असे म्हणत आणि बाराव्या दिवशी आत्या पाळण्यात वाकून बाळाच्या कानात तेच नाव सांगे. मात्र त्यामुळे घरातल्या सुनेची पंचाईत होई. सासऱ्याचे नाव तोंडाने घ्यायचे नाही, आणि पोटचा मुलगा तर त्याच नावाचा! म्हणून ती मुलाला 'आबा', 'बापू', 'तात्या' असे काहीतरी म्हणे, आणि पुढे सारे गाव त्याला त्याच नावाने ओळखू लागे. पाळण्यातले नाव कागदावर आणि हाकेचे नाव माणसावर, अशी ही वाटणी. आपल्या वारणानगरचेच पाहा. विश्वनाथ अण्णा कोरे म्हटले तर नव्या विद्यार्थ्याला क्षणभर थांबावे लागते. तात्यासाहेब म्हटले की सारे उमगते.

शब्दाच्या अर्थाकडे वळू. संस्कृत 'ज्योतिस्' म्हणजे प्रकाश, तेज. प्राकृतात त्याचे 'जोइ' झाले आणि मराठीच्या तोंडी 'जोत', 'जोती' अशी रूपे आली. 'ज्य' हे जोडाक्षर बोलताना सैल होऊन नुसता 'ज' उरणे ही आपल्या भाषेची जुनी सवय आहे. ज्येष्ठाचा जेठ झाला तो असाच. तेव्हा 'जोतिबा' हे 'ज्योतिबा'चे बिघडलेले रूप नव्हे, ते मराठीत घडलेले रूप आहे. गंमत अशी की, शेतकऱ्याच्या घरात आणखी एक 'जोत' असते. बैल जुंपून शेतात चालवायचे ते. हा शब्द मात्र वेगळ्या मुळाचा आहे. तो संस्कृत 'योक्त्र' म्हणजे जुंपण्याची दोरी या शब्दापासून आलेला. व्युत्पत्ती सांगणाऱ्याने या दोन जोतांची गल्लत करू नये. पण दिवसभर जोत धरणारा माणूस संध्याकाळी देवापुढे जोत लावतो तेव्हा त्याच्या कानाला दोन्ही शब्द सारखेच लागतात, आणि 'जोतिबा' हा देव त्याला आपल्या शेताचा वाटतो, यात नवल नाही.

आता शेवटचा 'बा'. 'बा' म्हणजे बाप. विठोबा, खंडोबा, बिरोबा, म्हसोबा या सर्वांच्या शेवटी तो आहे. देवाला दूरचा स्वामी न मानता घरातला वडील मानणे, ही मराठी माणसाची रीत त्या एका अक्षरात साठवली आहे. परंतु तेच नाव माणसाला लागले की, शेवटचे अक्षर केवळ मायेचे राहत नाही. ते पायरी दाखवू लागते. वतनदार असला तर जोत्याजी किंवा जोतीराव. बरा खाऊन-पिऊन सुखी असला तर जोतीबा. आणि मोलमजुरी करणारा असला तर नुसता जोत्या. मूळ शब्द तोच, देव तोच, पण शेपटावरून माणसाची किंमत ठरे. जुन्या कागदांत महार समाजातल्या माणसांची नावे 'सिदनाक', 'रामनाक' अशी लिहिलेली आढळतात. तेथे तर नावाचा शेवटच जात सांगत असे. नामकरण हा घरगुती समारंभ असला तरी नाव उच्चारणे हा गावचा व्यवहार होता, आणि त्या व्यवहारात सारे समान नव्हते.

या पार्श्वभूमीवर या नावाचा सर्वांत थोर वारसदार पाहिला पाहिजे. महात्मा फुले यांचा जन्म पुण्याचा, पण घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या कटगुणचे, म्हणजे वर सांगितलेल्या पट्ट्यातलेच. त्यांचे पूर्वीचे आडनाव गोऱ्हे. जोतिबाच्या यात्रेच्या दिवशी जन्म झाला म्हणून त्यांचे हे नाव ठेवले, असे चरित्रकार सांगतात. त्यांची जन्मतारीख ११ एप्रिल १८२७ ही मानली जाते. त्या दिवसापर्यंत चंद्राचे गणित मागे नेले तर पौर्णिमा नेमकी त्याच सुमारास येते. चैत्रातली पौर्णिमा म्हणजे यात्रेचाच दिवस. तेव्हा चरित्रकारांच्या या हकिकतीला आकाशातला चंद्रही दुजोरा देतो, असे म्हणायला हरकत नाही.

आपण प्रेमाने 'ज्योतिबा फुले' म्हणतो. त्यांनी स्वतः मात्र आपले नाव 'जोतीराव गोविंदराव फुले' असे लिहिले. त्यात 'ज्यो' नाही, 'जो' आहे. आणि शेवटी 'राव' आहे. माळी समाजात जन्मलेल्या, शाळा काढल्या म्हणून हिणवल्या गेलेल्या माणसाने आपल्या आणि वडिलांच्या नावापुढे 'राव' लिहिणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती, असे मला वाटते. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' लिहिली. तीत खंडोबा, म्हसोबा, भैरोबा या दैवतांना त्यांनी बळीराजाच्या राज्यातले अधिकारी आणि सरदार ठरवले. त्यांत जोतिबाही आहे. इतिहास म्हणून हा अर्थ विद्वानांना पटो वा न पटो; त्यामागचा हेतू स्पष्ट आहे. ज्यांचे देव खेडवळ म्हणून हसण्यावारी नेले जात, त्यांना त्यांनी सांगितले की, हे तुमचेच न्यायी पूर्वज होते. देवाचे नाव घेऊन जन्मलेल्या माणसाने देवालाच माणसांत आणून बसवले. पुढे ११ मे १८८८ रोजी मुंबईत लोकांनी त्यांना 'महात्मा' ही पदवी दिली. गावाने दिलेल्या सगळ्या शेपटांच्या वर ती जाऊन बसली.

या एका माणसामुळे नाव कोठपर्यंत गेले पाहा. उत्तर प्रदेशात १९९७ साली 'ज्योतिबा फुले नगर' नावाचा जिल्हा निर्माण झाला. २०१२ साली त्याचे नाव बदलून अमरोहा करण्यात आले. बरेलीच्या रोहिलखंड विद्यापीठाला त्यांचेच नाव आहे. ज्यांनी पन्हाळा पाहिलेला नाही, सासनकाठी म्हणजे काय ते ज्यांना ठाऊक नाही, अशा लाखो माणसांच्या पदवीपत्रांवर आणि पत्त्यांवर आपल्या डोंगरावरच्या देवाचे नाव उमटले. अर्थात तेथे ते 'ज्यो' होऊन गेले.

या 'जो' आणि 'ज्यो' यांच्या भानगडीने आपल्याकडेही कमी त्रास दिलेला नाही. जन्माच्या नोंदीत 'जोती', शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी शुद्ध करून लिहिलेले 'ज्योतीराम', आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या हिशेबात कोठे 'जोतिराम', असे एकाच माणसाचे तीन माणूस होतात. माझे थोरले चुलते जोतीराम. आजोबांच्या माघारी सातबाऱ्यावर वारसांची नोंद करताना त्यांना 'जोती, ज्योतीराम आणि जोतीराम या नावांची व्यक्ती एकच असून ती मीच आहे' असे प्रतिज्ञापत्र करून द्यावे लागले. कचेरीतून परतल्यावर ते म्हणाले, "साठ वर्सं झाली जगून, आन् मीच मी हाय हे लिहून द्यायला लागतंय!" शुद्धलेखनाचा आग्रह धरणाऱ्या आम्हा मराठीच्या विद्यार्थ्यांनी हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. विशेषनाम शुद्ध-अशुद्ध नसते. ज्याचे त्याने जसे सांगितले तसे ते असते.

नावाची लोकप्रियता ओसरली, ती का? एक कारण उघड आहे. 'ज्योती' हे मुलीचे नाव म्हणून घरोघर आले आणि मुलाला 'जोती' म्हणणे लोकांना अवघड वाटू लागले. दुसरे कारण असे की, देवाच्या नावाला 'राम' जोडून केलेली सखाराम, तुकाराम, जोतीराम ही सारीच नावे शहरात खेडेगावची म्हणून ओळखली जाऊ लागली. चित्रपटांनी आणि नाटकांनी विनोदी गड्याला नेमकी हीच नावे दिली. तिसरे कारण आपल्या वसतिगृहांत सापडते. ज्याचे नाव जोतीराम आहे तो वहीवर 'जे. आर.' लिहितो. मित्रांनी 'जोत्या' अशी हाक मारली की, हसून ओ देतो. पण पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांसमोर तीच हाक आली तर त्याचा चेहरा उतरतो. हे मी पाहिलेले आहे. त्याला देवाची लाज वाटते असे नाही. त्या 'त्या'मध्ये शेकडो वर्षांची जी पायरी लपलेली आहे, ती त्याला नेमकी टोचते. ती त्याला शब्दांत सांगता येत नाही, इतकेच.

माझ्या पुतण्याच्या बारशाच्या वेळी आमच्या घरी याच गोष्टीवरून आठवडाभर वाद चालला. नोकरीनिमित्त पुण्याला राहणाऱ्या भावाला नवे, सुटसुटीत नाव हवे होते. आजीचे म्हणणे, मूल चैत्रातले, नाव ठरलेले. "देवाचं नाव ठेवलं न्हाई तर देव इचारंल न्हवं?" एवढाच तिचा मुद्दा, आणि त्यापुढे कोणाचा मुद्दा टिकेना. वहिनीची अडचण निराळी, ती म्हणे, "शाळेत याला चिडवतील, तेव्हा घरी रडत येणार तो माझ्याकडे." दोघींचेही खरे होते. शेवटी डोंगरावर गुरवांना विचारायचे ठरले. त्यांनी आजीला शांतपणे सांगितले, "आजी, केदार ठेवा. ते बी देवाचंच नाव." आजीने डोक्यावरचा पदर सावरला आणि हात जोडले. वाद मिटला. आमच्यासारख्या अनेक घरांत हे असेच घडले असावे. नाहीतर एका पिढीत इतके केदार आले कोठून?

आता 'केदार' या शब्दाचा अर्थ पाहा. संस्कृतात 'केदार' म्हणजे बांध घालून पाणी साठवलेले शेत, पाण्याखालचा वाफा. केदार हे एका रागाचे नाव आहे, हिमालयातल्या शिवाचेही आहे; पण शब्दकोशातला हा साधा अर्थ वारणेच्या काठच्या माणसाला अधिक जवळचा वाटावा. ज्याला आपण शहरी नाव समजून घेतले, ते भिजलेल्या शेताचे नाव निघाले! उसाच्या फडात दारे धरणाऱ्या आजोबांनी नातवाच्या या नावाला हरकत घेण्याचे काही कारणच नव्हते.

तेव्हा नावे बदलतात याचे दुःख करण्याची गरज नाही. देव आपली नावे बदलून का होईना, घरात टिकून राहतो. जपायला हवे ते दुसरेच काही. 'जोतीराम' या नावाच्या मुलाला त्याच्या नावाची गोष्ट माहीत असली पाहिजे. ओरछ्याला पडलेला शिंद्यांचा जोतिबा, कैदेत साथ देणारे जोत्याजी आणि पुण्यात मुलींची शाळा काढणारे जोतीराव हे आपल्याच नावाचे, हे त्याला ठाऊक असले पाहिजे. मग तो 'जे. आर.'च्या आड लपणार नाही. आणि बाकीच्यांनी हाक मारताना शेवटचे अक्षर जरा जपून वापरावे.

जाता जाता वाचकमित्रांना एक सूचना. येत्या सुट्टीत आपापल्या गावच्या प्राथमिक शाळेत जाऊन मुख्याध्यापकांच्या परवानगीने जुने जनरल रजिस्टर उघडून पाहावे. कोणत्या साली कोणती नावे होती, शेवटचा जोतीराम कोणत्या साली पहिलीत बसला आणि पहिला केदार कोणत्या साली आला, हे टिपून आणावे. दहा-बारा गावांच्या अशा नोंदी एकत्र केल्या तर पुढच्या अंकात या लेखापेक्षा कितीतरी भरीव लेख देता येईल. शाईने लिहिलेल्या त्या रजिस्टरांची पाने आता पिवळी पडू लागली आहेत. कित्येक ठिकाणी वाळवीने कामाला सुरुवातही केली आहे.